भर दुपारची वाघीण

४ ऑक्टोबर १९८९

पोचलो एकदाचे. किनाऱ्यावरच्या तारुसानहून निघालेली बस घाटात दोनदा तापली, तीनदा आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली, आणि तरी मी वाटभर हसतच होतो असं रोस्माइनी म्हणते. लग्नाला सव्वीस दिवस झालेल्या माणसाला हसायला कारण लागत नाही.

तालांग सिरिह म्हणजे चाळीसेक घरं, सगळी खांबांवर उभी. गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना दालचिनीच्या साली वाळत घातलेल्या, त्यांच्यावरून कोंबड्या खुशाल फिरत होत्या. मी जन्मभर मासळीच्या वासात वाढलो. इथं चुलीतदेखील दालचिनीचं लाकूड जळतं. पहिला घास घेताना वाटलं, भातालाच कुणी अत्तर लावलंय.

आमच्या किनाऱ्यावर काय किंवा या डोंगरात काय, घर बायकांचं. नवरा पाहुणा म्हणून येतो आणि पाहुणा म्हणूनच म्हातारा होतो. सासूबाईंनी माझ्या हातातली सुक्या मासळीची टोपली घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, "जावयाचं पुढं बघू. मासळी तर चांगली निघाली." सगळं घर खिदळलं. मेहुणा मुखलिस माझ्याच वयाचा, जिभेला धार असलेला. तो मला 'खारे दाजी' म्हणतो.

घरात शेवटचा शब्द जामारिस मामांचा. ते सासूबाईंचे थोरले भाऊ, आणि गावाच्या चालीरीतींचा निवाडाही त्यांच्याकडेच. कॉफीच्या पानांचा चहा पिता पिता मी सहज विचारलं, की इकडे वाघ फार आहेत म्हणे. सासूबाईंनी फळ्यांमधल्या फटीतून घराखाली पाहिलं, जणू तिथं कुणी ऐकत बसलं होतं. मग मामांनी समजावलं, की ते नाव इथं घ्यायचं नाही, आजोबा म्हणायचं. आजोबा गावाचे राखणदार. चार पिढ्यांत त्यांनी इथल्या कुणाला हात लावलेला नाही, आणि लावतील तेव्हा ज्याच्या पोटात पाप आहे त्यालाच लावतील.

माझ्या पोटात तेव्हा नुसता भात होता. वडिलांच्या होडीवर रोजचा वारा नि पाणी लिहून ठेवणं माझं काम होतं, म्हणून हात सवयीनं वही मागतो. नाहीतर आज लिहिण्यासारखं एवढंच, की मी सुखात आहे.

९ ऑक्टोबर

साल सोलायला शिकलो. बुंध्याला तळाशी आणि वर हातभर अंतरावर कोयत्याने गोल चीर द्यायची, दोन्हींच्या मधे एक उभी रेघ ओढायची, पातं हळूच आत सरकवून उचलायचं. नीट जमलं तर झाड सुस्कारा टाकतं आणि अख्खी साल हातात येते. खाली खोड पांढरंफेक, ओलं, नागडं. पहिली तीन झाडं मी नासवली. मुखलिस म्हणाला, "दाजी, झाड आहे ते. खवलं काय काढताय?"

आमचा वरचा मळा गावापासून दोन तासांची चढण. तिथं चार गुळगुळीत खांबांवर एक खोपी आहे, तीन पुरुष उंच. उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना पत्रा गुंडाळलेला. वर जायला खाचा पाडलेला एक लांब बांबू, तीच शिडी. वर बसून जेवताना पाय सोडून दिले की खाली सगळा डोंगर आपल्या बापाचा वाटतो.

१७ ऑक्टोबर

आज मी ती पाहिली. हातातला भात हातातच राहिला.

मुखलिस मला समोरच्या सोंडेवर घेऊन गेला आणि म्हणाला, गप्प बसा आणि कुंपणाच्या कोपऱ्याकडे बघत राहा. गावाने डुकरांच्या त्रासामुळे मळ्यांना बांबूचं कुंपण घातलंय. त्याचा एक कोपरा ओढ्याच्या कड्याला मिळतो. पाच-सहा डुकरं नेच्यांत उकरत होती. ती एकटीच वरच्या अंगाने आली. लपत नव्हती. मुद्दाम दिसेल इतकीच दिसली, मग बसली. डुकरं कुंपणाला लागून खाली पळाली. ती उठली, दहा पावलं आडवी चालली, पुन्हा बसली. डुकरं वळली. असं तीनदा. आम्ही समुद्रात जाळ्याकडे मासा वळवतो तशी तिने ती वळवली, आणि जाळं आमचंच होतं. कोपऱ्यात शेवटचं डुक्कर अडकलं तेव्हा तिला धावावंही लागलं नाही.

वर गवतात तिचं पिल्लू होतं. मधे त्याने मान वर काढली. तिने फक्त वळून पाहिलं. मान खाली गेली.

येताना मुखलिस तिच्याबद्दल असा बोलत होता, जशी ती त्याचीच लेक. ज्या डोंगरावर कुऱ्हाड वाजते त्या डोंगरावर ती त्या दिवशी जात नाही. कुठल्या घरचा कुत्रा भुंकतो नि कुठला नुसता शेपूट हलवतो हे तिला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष मशिदीत असतात, तेव्हा ती गावाच्या कडेने सरळ रस्त्यावरून जाते. "शुक्रवार तिला इमामापेक्षा जास्त पाठ आहे," तो म्हणाला. दहा वर्षांपूर्वी हे कुंपण नव्हतं. घातलं त्याच मोसमात तिच्या आईने ते वापरायला घेतलं.

घरी मी सासूबाईंना म्हटलं, तुमच्या आजोबांना तर पिल्लू आहे. त्या मिरच्या वाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पिल्लू असो नाहीतर नातू, आजोबा ते आजोबाच. आणि एवढं टक लावून बघू नये कुणाच्या घरात."

२४ ऑक्टोबर

मुखलिसचं एक गुपित कळलं. मोटारसायकलच्या ब्रेकच्या तारेचे सात फास त्याने वरच्या रानात लावलेत, सांबरासाठी. तारेला गावाची सक्त मनाई आहे. मामांना कळलं तर घराची अब्रू जाईल, म्हणून मी तोंड उघडायचं नाही.

त्याच्या गाठी बघून मला हसू आलं. असल्या गाठीतून बोंबीलसुद्धा सुटेल. मी सातही सोडल्या आणि आमची होडीवरची गाठ मारून दिली, ओढावी तितकी आवळणारी. त्याने हिसका देऊन पाहिला आणि म्हणाला, "आता शोभलात दाजी या घराला." खरं सांगायचं तर मला ते ऐकून फार बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतं. पण मग ही वही कशाला?

सहाव्या फासात पिल्लू होतं. पुढचा उजवा पंजा. तार हाडाला लागली होती. भोवतालची माती त्याने गोल खरवडून काढली होती, म्हणजे दोन दिवस तरी झाले असावेत. आम्हाला बघून गुरगुरलं नाही. पोटावर सपाट झालं.

माझ्या हातात कोयता होता. ज्या रोपट्याला तार बांधली होती ते माझ्या मनगटाएवढं. दोन घाव पुरले असते. मी मुखलिसकडे पाहिलं. तो म्हणाला, तार पंजात घेऊन हे लंगडत फिरेल, कुणीतरी बघेल, आणि मामा विचारतील ही तार कुणाची, ही गाठ कुणाची. "गाठ कुणाची" हे त्याने सावकाश म्हटलं.

त्याने दांडका तोडला. मला मागचे पाय धरायला सांगितलं. मी धरले.

फार वेळ लागला. मुखलिस डोळे मिटून मारत होता, म्हणून फटके नीट बसत नव्हते. माझ्या मुठीतले पाय ऊन होते, आणि ते थांबले तरी मी किती तरी वेळ सोडले नाहीत. मग त्याने ताईत करायला एका पंजाची नखं काढली, बाकीचं घळीत लोटलं. ओढ्यात हात धुतले, सदरे धुतले. डाग गेले नाहीत सगळे.

घरी सासूबाईंनी विचारलं, आज काहीच नाही वाटतं मिळालं? मुखलिस म्हणाला, नाही.

२ नोव्हेंबर

उरलेले फास काढायला गेलो. त्या जागेपासून वीसेक पावलांवर एक कुजलेला ओंडका पडलाय. त्याच्यामागे नेचे चेपून बसल्याची जागा होती, कोपरांचे दोन खोल ठसे आणि आजूबाजूला पंजे. ठशांवर पावसाच्या थेंबांचे खड्डे. परवाचा पाऊस आम्ही परतताना लागला होता. म्हणजे आम्ही तिथं होतो तेव्हा ती तिथं होती.

मी त्या जागी बसून पाहिलं. तिथून दोघांचेही चेहरे दिसतात.

ती पुढे का आली नाही, असं मी विचारलं. मुखलिस म्हणाला, तारेला घाबरली असेल. पण मग आम्ही बाकीचे फास पाहिले. प्रत्येक फासापर्यंत तिचा माग सरळ येतो, थांबतो, वळसा घालतो आणि पुढच्या फासाकडे जातो. सहाच्या सहा. दोन दिवसांत तिने तार शिकून घेतली होती. घळीत पिल्लू नव्हतं.

वाटभर मुखलिस दर चार पावलांनी मागं वळून पाहत होता.

७ नोव्हेंबर

सालेहाबाई गेली. विधवा, साठीची, चार घरांचे कपडे धुऊन देऊन त्यावर जगणारी. काल दुपारी झऱ्यावर आमच्याच घरचे कपडे धूत होती. दुपारी. गावात कुणी भरदिवसा दार लावत नाही. रात्रीची मात्र सगळे शिडी वर ओढून घेतात, मशाली पेटवतात. हे तिने रानातून किती वेळा पाहिलं असेल?

आम्ही धावत गेलो तेव्हा दगडावर साबण तसाच होता. मान एकाच चाव्यात मोडलेली. खाल्लेलं काही नाही.

माणसं रडायच्या आधी कारण शोधायला लागली. आजोबा उगाच कुणाला नेत नाहीत, तेव्हा सालेहाबाईने काहीतरी केलंच असणार. कुणाला आठवलं, नवऱ्याच्या आजारपणात ती एकदा बाजाराला गेली होती नि मुक्काम करून आली होती. चाळीस वर्षांपूर्वी! मामांनी मान हलवली. तिला कब्रस्तानाच्या कडेला, कुंपणाला लागून पुरलं. तिची लेक आली नाही. लेकीच्या सासरच्यांनी येऊ दिलं नाही.

मी गप्प राहिलो. मुखलिसने फावडं धरलं होतं.

कपडे गोळा करायला मीच गेलो. अकरा कपडे होते. नऊ धड होते. माझा सदरा आणि मुखलिसची विजार, यांच्या चिंध्या केलेल्या.

१३ नोव्हेंबर

गावाने आजोबांची क्षमा मागायचं ठरवलं. मशिदीजवळच्या पोकळ ओंडक्यावर मोगरी पडली की सगळ्या पुरुषांनी वरच्या वेशीवर जमायचं, बकरी बांधायची, दुआ म्हणायची. आज तसं केलं. आम्ही साठजण वर उभे, ओंडका वाजतोय, बकरी ओरडतेय.

आणि खाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला, साली वाळवायच्या पटांगणात इद्रुस एकटा. तो आमचा शेजारी, कालपासून तापाने फणफणलेला, म्हणून वर आला नव्हता. हुडहुडी भरली होती म्हणून त्याने माझा होडीवरचा मेणकापडी कोट मागून नेला होता. तो घालून उन्हात बसला होता.

ओंडका वाजला की पुरुष कुठं जातात, हे तिला कळलंय. बकरीकडे ती फिरकलीसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर

मामांनी इद्रुसच्या बायकोला सगळ्यांसमोर उभं केलं. सांग म्हणाले, तुझ्या नवऱ्याने काय केलं होतं. ती म्हणाली काही नाही. सांगितल्याशिवाय नमाज होणार नाही, म्हणाले. प्रेत चटईत गुंडाळून तिथंच ठेवलेलं, माश्या बसत होत्या. ती दोन तास काही नाही, काही नाही म्हणत होती. मग म्हणाली, चोरी केली होती. कसली? ती विचार करू लागली. शेवटी म्हणाली, भावाच्या मळ्यातली साल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. इद्रुसचा भाऊ तिथंच उभा होता. त्याला माहीत होतं, असं कधी झालं नाही. तोही गप्प.

मग नमाज झाला.

मुखलिसला मी मागल्या दारी गाठलं. म्हटलं, ती आपल्या दोघांना हुडकतेय. वासावरून. तो हसायला गेला, पण ओठ दातांना चिकटले होते. संध्याकाळी त्याने स्वतःचे सगळे कपडे जाळले, लिंबू चोळून अंघोळ केली. दोनदा.

१६ नोव्हेंबर

रोस्माइनीला सगळं सांगितलं. पाय धरले होते तेही सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली, मला दिवस गेलेत. आज सांगणार होते तुम्हाला, वेगळ्या तोंडाने.

१८ नोव्हेंबर

रोस्माइनीने आईला सांगितलं असावं. सासूबाईंनी आज माझ्यासाठी वेगळं कालवण केलं, समोर बसून वाढलं. माझं जेवण झाल्यावर बोलल्या. कबूल करायला हवं, नाहीतर गावातलं एकेक माणूस जाईल. पण दोघांनी कशाला? मुखलिसला गाव कायमचं बाहेर काढेल. तो इथला, त्याने चाल मोडली. मी परका, किनाऱ्यावरचा, मला कुठं माहीत होतं? मला समज देऊन सोडतील.

मी म्हटलं, आणि नाही सोडलं तर?

त्या म्हणाल्या, "पोराला बाप नसला तरी आमच्यात निभतं, तियार. मामा लागतो."

त्यांचे डोळे भरले होते. हे सगळ्यात वाईट. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

१९ नोव्हेंबर

कबूल केलं. तार माझी, गाठ माझी, दांडका माझा. मुखलिस पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

मामांचा निवाडा: तीन दिवस वरच्या मळ्यातल्या खोपीत एकट्याने राहायचं, हळदीचा भात आणि पांढरी कोंबडी ठेवून क्षमा मागायची. आजोबांना मी नको असेन तर चौथ्या दिवशी माणसं न्यायला येतील. शिडी गाव घेऊन जाणार, म्हणजे मी मधेच पळणार नाही. इद्रुसची बायको पुढं येऊन माझ्यावर थुंकली. पुसलं नाही मी.

२१ नोव्हेंबर

आज सकाळी चौघांनी आणून सोडलं. मी वर चढलो, त्यांनी बांबू काढून घेतला. मुखलिसने माझं गाठोडं दोरीने वर दिलं आणि दोरीही ओढून घेतली. वर बघितलं नाही त्याने.

गाठोड्यात तांदूळ, पाण्याचा डबा, ही वही. आणि तळाशी त्याचा घामट सदरा, त्यात बांधलेली नखं. पाच.

म्हणजे त्याने त्याचा वासही माझ्याकडे पाठवला.

नखं मी लांब फेकली. आज दुपारी ती आली. फेकलेल्या जागी बराच वेळ उभी होती, डोकं खाली घालून. मग खोपीखाली आली आणि वर पाहिलं. काही केलं नाही. नुसतं पाहिलं. कोंबडी खांबाला बांधलेली, तिच्या पायापाशी फडफडत होती, तिकडे नजरही नाही. मी ओरडू लागलो. मामा, मुखलिस, आई, येतील ती नावं. घसा बसेपर्यंत. ती वाटेच्या बाजूला गवतात जाऊन आडवी झाली.

२२ नोव्हेंबर

मुखलिस आला. एकटा.

माझा आवाज खालच्या मळ्यापर्यंत गेला असणार. शिडी घेऊन आला होता. लांबूनच ओरडत होता, दाजी, चुकलो, चला, पळून जाऊ, तुमच्या किनाऱ्यावर जाऊ—

मी हात हलवले. थांब म्हणून. त्याला वाटलं ये म्हणतोय.

ओढ्यापाशी. एकच झेप. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून त्याचा काही ऐकू आला नाही. तिने त्याला ओढून नेलं नाही. बाजूला सारलं. शिडी ओढ्यात पडली, वाहून गेली.

संध्याकाळ. झालं ना तिचं? दोघांतला एक. दांडका त्याचाच होता. आता जाईल ती. जायला हवी—

२३ नोव्हेंबर

गेली नाही.

त्याच गवतात. माझ्याकडे पाठ. तोंड गावाच्या वाटेकडे.

आज मी ओरडलो नाही. सकाळपासून तोंडात सदऱ्याचा बोळा. ऊन चढलं. वाट रिकामी. तिने दोनदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प.

दुपारी उठली, सावकाश खोपीखाली आली. पत्र्यावर नखं घातली. चर्रर्र. खांबाला अंग घासलं, पूर्ण जोर लावून. खोपी हलली, डबा लवंडला, पाणी गेलं. मी किंचाळलो. बोळा पडला, मी किंचाळतच राहिलो.

ती लगेच थांबली.

जाऊन गवतात बसली. वाटेकडे तोंड.

कळलं मला. तिला मी नकोय. अजून नकोय. मी ओरडलो की माणूस येतो— एवढंच तिला हवंय. आमच्या घरातलं माणूस.

आता गप्प बसायचं. काही झालं तरी. तहान—

२४ नोव्हेंबर

चौथा दिवस. न्यायला येतील म्हणाले होते. येऊ नयेत. मुखलिस परतला नाही, गाव घाबरलं असेल. कुणी येणार नाही. बरं.

सकाळी पुन्हा हलवली खोपी. दात स्वतःच्याच दंडात रुतवले. आवाज केला नाही. रक्त आलं.

पुन्हा हलवली. एक खांब कुरकुरतोय. नाही ओरडलो.

ऊन डोक्यावर. वाटेवर काहीतरी हललं. वळणावर. लांब बांबू खांद्यावर घेतलेलं एक माणूस. मधे मधे थांबतंय, पोटावर हात—

रोस्माइनी.

एकटी. कुणी आलं नाही म्हणून एकटी आली.

ओरडलो. परत जा! परत जा! ओढा भरून वाहतोय, शब्द पोचत नाहीत, नुसता आवाज पोचतो. तिने मान वर केली. हसली असावी. बांबू सावरला आणि झपाझप चालू लागली.

गप्प बसलो. गप्प बसलो तरी येतेच आहे.

गवत हललं नाही. वारा आहे, सगळं गवत हलतंय, तेवढाच एक तुकडा हलत नाही.

मी बघत नाही. बघायचं नाही म्हणून लिहितोय. हात थांबला तर वर बघावं लागेल. थांबायचं नाही. आज चोवीस तारीख. वारा पश्चिमेचा. आकाश स्वच्छ. आज चोवीस तारीख—

ओढा ओलांडला रोस्माइनीने. तिचा आवाज येतोय आता, स्पष्ट येतोय, खोपीच्या खालून, धापा टाकत म्हणतेय, "अहो, मी आलेय. आता भिऊ नका. शिडी आणलीय, थांबा, लाव